मग घेतलं कसं त्यानं?

अर्धापूरला माझा एक जुना विद्यार्थी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. नांदेडहून येता-जाता मी त्याच्याकडे चहाला थांबतो. मागच्या हिवाळ्यात असाच बसलो असताना केळीची बाग असलेले एक शेतकरी कागदांची पिशवी घेऊन आले. एका योजनेसाठी त्यांनी चार महिन्यांपूर्वी याच केंद्रातून अर्ज भरला होता. तो 'क्षेत्र विसंगत' असा शेरा मारून परत आला होता. मधल्या काळात तलाठी झाले, कृषी सहायक झाले, तालुक्याच्या कचेरीच्या तीन खेपा झाल्या.

विद्यार्थ्याने जुना अर्ज उघडला आणि कपाळावर हात मारला. 'क्षेत्र' या रकान्यात २ लिहिले होते. काकांची केळी दोन एकर. रकाना मात्र हेक्टरचा. गंमत म्हणजे त्याच अर्जात वरच्या ओळीत गट क्रमांक टाकल्यावर सातबाऱ्यावरचे क्षेत्र आपोआप आलेले होते : ०.८१ हेक्टर. म्हणजे ०.८१ हेक्टर जमिनीत २ हेक्टर केळी आहे, असा अर्ज यंत्रणेने निमूटपणे घेतला, पावती दिली, आणि चार महिन्यांनी कुठल्या तरी टेबलावर कुणाच्या तरी ते लक्षात आले.

"काका, माझीच चूक. घाईत टाकलं," विद्यार्थी ओशाळून म्हणाला. काका शांतपणे म्हणाले, "तुझी चूक झाली, ते ठीक हाय. माणसाची व्हते. पण सातबारा तर त्या मशीनसमोरच व्हता ना? त्यात दोन हेक्टर कुठंच न्हाई. मग घेतलं कसं त्यानं?"

बरीच वर्षे मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. तोंडी परीक्षेत विचारावा असा इतका चांगला प्रश्न मला सुचलेला नाही. कारण चूक कुणी केली यापेक्षा ती आत कशी घेतली गेली, हा खरा प्रश्न आहे. संगणकावर 'एरर' आली की आपण समोरच्या ऑपरेटरला दोष देतो, ऑपरेटर शेतकऱ्याला, आणि शेतकरी नशिबाला. ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला आणि ज्यांनी तो न तपासता ताब्यात घेतला, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे : चुकीची माहिती दारातच अडवणे हे प्रोग्रॅमचे काम आहे. ते त्याने केले नाही तर त्याचा खर्च रांगेत उभ्या असलेल्या माणसाला भरावा लागतो. आणि ही गोष्ट अवघड किंवा महागडी नाही. दोन साध्या सवयींची आहे.

त्या समजून घेण्यासाठी प्रोग्रॅम आतून कसा असतो ते थोडक्यात पाहू. मोठा प्रोग्रॅम म्हणजे लहान-लहान कामांची साखळी. एका कामासाठी लिहिलेल्या सूचनांच्या गठ्ठ्याला मेथड म्हणतात. ते काम करण्यासाठी मेथडच्या हातात जी माहिती ठेवावी लागते, तिला आर्ग्युमेंट म्हणतात. ती माहिती कोणत्या प्रकारची आहे, म्हणजे आकडा आहे, अक्षरे आहेत, की तारीख, तो तिचा टाइप. पहिली सवय म्हणजे हातात आलेली प्रत्येक गोष्ट योग्य प्रकारची आहे का, हे काम सुरू करण्याआधी पाहणे. दुसरी, मेथड लहान ठेवणे आणि ती लांबत गेली तर तिचे तुकडे करणे.

पहिल्या सवयीचे महत्त्व आपल्या भागात पटवून द्यायला फार लांब जावे लागत नाही. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, सातबारा बोलतो हेक्टर-आर मध्ये. आता '१.२०' असे लिहिलेले पाहा. शेतकऱ्याच्या वहीत त्याचा अर्थ एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. कारण एकराला गुंठे चाळीस. संगणक मात्र तेच १.२० दशांशात वाचतो : एक एकर आठ गुंठे. बारा गुंठे जमीन एका टिंबात गेली. किंवा 'एक हेक्टर पाच आर' घाईत कुणी '१.५' असे लिहिले, तर संगणकाच्या लेखी ते एक हेक्टर पन्नास आर. फरक पंचेचाळीस आरचा, म्हणजे एकराहून जास्त. इथे आकडा चुकलेलाच नाही. आकड्याची जात लिहायची राहिली आहे.

दवाखान्यातही हेच. 'बाळाला पाच द्या' असे कुणी म्हटले तर आई विचारेल, पाच काय? पाच मिलिलिटर, पाच थेंब, की पाच मिलिग्रॅम? तापाचे तेच पॅरासिटामॉल सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे मिळते आणि २५० मिलिग्रॅम असेही मिळते. बाटली बदलली की त्याच चमच्यात दुप्पट औषध जाते. बाळाचे जन्माचे वजन ग्रॅममध्ये लिहितात, औषधाचा हिशेब किलोवर करतात. चांगली परिचारिका हे सगळे पाहूनच हात पुढे करते. प्रोग्रॅमने तेवढेही पाहू नये का?

बँक खात्याच्या क्रमांकाचे दुखणे तर प्रत्येक कार्यालयाला माहीत आहे. खाते क्रमांक दिसतो आकड्यांचा, पण तो आकडा नाही. त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. ते एक नाव आहे, अंकांत लिहिलेले. एक्सेलच्या तक्त्यात तो 'आकडा' म्हणून टाकला की सुरुवातीची शून्ये गळून पडतात, आणि लांबलचक क्रमांक असेल तर शेवटचे अंकही शून्य होऊन बसतात. जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनाही एक्सेलने असेच छळले. माणसाच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे : एक मार्च, दोन सप्टेंबर. शोधनिबंधांच्या सोबतच्या तक्त्यांत या चुका इतक्या पसरल्या की अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. एक्सेलला समजावणे जमले नाही म्हणून जनुकांचे बारसे पुन्हा करावे लागले!

एककाची हीच चूक अंतराळातही झाली आहे. 'नासा'चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचले आणि नाहीसे झाले. यानाला दिलेल्या छोट्या धक्क्यांचा हिशेब जमिनीवरचा एक प्रोग्रॅम पौंडाच्या मापात देत होता. तो वापरणारा दुसरा प्रोग्रॅम तो न्यूटनच्या मापात धरत होता. दोहोंत साधारण साडेचार पटींचा फरक. महिनोन् महिने आकडे या प्रोग्रॅममधून त्या प्रोग्रॅममध्ये जात राहिले आणि 'हा आकडा कशाचा?' असे कोणत्याच प्रोग्रॅमने विचारले नाही. अर्धापूरच्या काकांचा एकर आणि मंगळावरचा पौंड यांत तत्त्वतः काही फरक नाही.

आता दुसरी सवय. अर्धापूरकडे हळद करणाऱ्यांना हे चटकन कळेल. हळद काढली की ती शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात, मग प्रतवारी करतात. प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर, वेगळा. माल बिघडला तर कुठे बिघडला हे पाहता येते : शिजताना कच्ची राहिली, की वाळताना पाऊस लागला. समजा हे सगळे एका बंद खोलीत, एकाच माणसाने, कुणाला न दाखवता केले, तर? बाहेर आलेल्या मालाकडे पाहून फक्त 'बिघडला' एवढेच म्हणता येईल.

लांबलचक मेथड ही अशी बंद खोली असते. 'अर्ज नोंदवा' नावाची मेथड सुरुवातीला पन्नास ओळींची असते. मग आधार जोडायचे ठरते, त्याच्या शंभर ओळी त्यातच. मग एसएमएस, मग पावती, मग नवा शासन निर्णय, मग त्याचे शुद्धिपत्रक. तीन वर्षांत ती हजार ओळींवर जाते. तिच्यात एकराचे हेक्टर करणारी चार ओळींची वजावट-गुणाकार पाच ठिकाणी वेगवेगळी लिहिलेली असते. कुणीतरी त्यातल्या चार ठिकाणी दुरुस्ती करतो, पाचवे राहून जाते. मूळ लिहिणारा मुलगा तोवर पुण्याला नोकरीला गेलेला असतो. नवा येतो, त्याला सगळे सांगतात : चालतंय ना? मग हात लावू नको.

अशा गुंत्याची किंमत वैद्यकशास्त्राने मोजली आहे. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारे कॅनडात बनलेले यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यातले काही दगावले. आधीच्या यंत्रांमध्ये किरण चुकू नयेत म्हणून स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळी जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रांचे भाग वापरले होते. जुन्या थेरॅक-२० मध्येही त्यातली एक चूक होतीच. पण तिथे लोखंडी अडसर तिला दडवत होता.

जानेवारी १९८७ मधला अपघात पाहण्यासारखा आहे. यंत्राचा एक भाग जागेवर आहे का, हे तपासायचे की नाही, याची खूण एका छोट्या खणात ठेवली होती. त्यात शून्य असेल तर तपासू नका, शून्याशिवाय काहीही असेल तर तपासा. प्रोग्रॅम त्या खणात दर फेरीला एक मिळवत असे. पण खण एका बाइटचा, त्यात २५५ च्या पुढे मावत नाही. २५६ व्या फेरीला तो पुन्हा शून्य. म्हणजे दर २५६ फेऱ्यांतून एकदा तपासणीच गळत असे. नेमक्या त्या क्षणी ऑपरेटरने बटण दाबले, आणि एका रुग्णाचा जीव गेला. दुरुस्ती काय होती? एक मिळवण्याऐवजी त्या खणात ठरावीक आकडा ठेवणे. एका ओळीची दुरुस्ती. पण ती ओळ सापडेपर्यंत पाच जणांना आधीच इजा झालेली होती.

गुंता सोडवण्याच्या कामाला रिफॅक्टरिंग म्हणतात. प्रोग्रॅमचे बाहेरचे वागणे तसेच ठेवून आतली मांडणी सुधारायची, असा त्याचा अर्थ. मार्टिन फाउलर यांनी १९९९ मध्ये यावर एक पुस्तक लिहिले. त्यात बिघडलेल्या कोडचे जे 'वास' सांगितले आहेत त्यांत लांब मेथड हा एक ठळक वास. उपाय साधा : हजार ओळींतून एकेक काम वेगळे काढायचे, त्याला नेमके नाव द्यायचे. 'क्षेत्र हेक्टरमध्ये बदल' ही एक मेथड, दहा ओळींची, एकाच ठिकाणी. तिच्या हातात नुसता आकडा द्यायचा नाही. आकडा आणि एकक दोन्ही द्यायचे. मग तिची परीक्षा घेता येते. दोन एकर दिले तर ०.८१ येते का? एक हेक्टर पाच आर दिले तर १.०५ येते का? उणे आकडा दिला तर नाकारते का? एकक दिलेच नाही तर विचारते का? हजार ओळींच्या खोलीत दहा ओळींची अशी परीक्षा घेता येत नाही. म्हणून या दोन सवयी खरे तर एकच आहेत. लहान मेथडलाच दार असते, आणि दार असेल तरच तिथे राखणदार बसवता येतो.

महाराष्ट्राने याचा धडा मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेची घोषणा झाली : दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, आकडा ३४,०२२ कोटींचा. अर्ज ऑनलाइन. गावोगावी केंद्रांसमोर रात्री-बेरात्री रांगा लागल्या. दिवाळीच्या तोंडावर काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे दिली गेली आणि लगेच याद्यांमधले घोळ समोर आले. बँकांकडून आलेल्या माहितीत वेगवेगळ्या शेतकऱ्यांसमोर एकच आधार क्रमांक निघाला. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, पैसे खात्यात पडायला उशीर झाला. दोष बँकांचा की संगणक विभागाचा, यावर बरेच बोलले गेले.

मला त्यात काकांचाच प्रश्न दिसतो : घेतलं कसं? आधारचा बारावा अंक उगाच नसतो. तो आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहोफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढलेला असतो. क्रमांक लिहिताना एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ते इंटरनेटशिवायही त्याच क्षणी ओळखता येते. आणि क्रमांक बरोबर असला तरी तो दोन वेगळ्या माणसांसमोर कसा, हे यादी आत घेतानाच विचारता येते. हे काम संगणक एका मिनिटात लाखो वेळा करतो. तेच काम दिवाळीनंतर माणसांनी केले, आणि तोवर कर्जमाफीची वाट पाहणाऱ्याच्या दारात सावकार येऊन गेला असेल. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत याद्या आधी प्रसिद्ध करून, आधार प्रमाणीकरणाच्या वेळी शेतकऱ्याला रक्कम दाखवून, मगच पैसे देण्याची पद्धत ठेवली. तपासणी पैशाच्या आधी आली. शिकता येते, असा याचा अर्थ.

यावर आक्षेप येतात, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. पहिला वेळेचा. मंत्री तारीख जाहीर करतात, कंत्राटदाराला तीन आठवडे मिळतात. तपासण्या कधी लिहिणार? दुसरा यंत्राच्या वेगाचा. युरोपच्या एरियान-५ अग्निबाणाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यातल्या एका प्रोग्रॅममध्ये सात आकडे मापात न बसण्याचा धोका होता. संगणकावर भार नको म्हणून चारांनाच संरक्षण दिले, तीन उघडे ठेवले. ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत त्या तिघांतला एक आकडा फुगला, ३२,७६७ च्या पलीकडे गेला, आणि अग्निबाण चार उपग्रहांसह नष्ट झाला. वाचवलेला वेळ कुठे तरी वसूल होतोच.

तिसरा आक्षेप मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तपासण्या वाढवल्या की गरिबाचाच अर्ज अडकतो. इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पासबुकावर दुसरे; म्हणून खरा माणूस खोटा ठरतो. राबून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्र ओळखत नाही. हे खरे आहे. म्हणून तपासणी म्हणजे नकार, हे समीकरण मोडले पाहिजे. यंत्राला जे नक्की कळते, म्हणजे एकक, अंकांची संख्या, जमिनीपेक्षा पीक मोठे, तिथे त्याने ठाम असावे. जे माणसाचे आहे, म्हणजे नाव, आडनाव, अंगठा, तिथे त्याने शंका नोंदवावी आणि माणसाकडे पाठवावे. आणि जे काही सांगायचे ते त्याच क्षणी, मराठीत सांगावे. 'अवैध नोंद' या शब्दांनी कुणाचे भले होत नाही. 'तुमच्या सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर आहे, तुम्ही २ लिहिले. हे एकर आहेत का?' एवढे वाक्य त्या दिवशी पडद्यावर आले असते, तर काकांच्या तीन खेपा वाचल्या असत्या.

मग करायचे काय? सरकारी संकेतस्थळांचे सुरक्षा ऑडिट होते, तसे त्यांच्या आतल्या रचनेचेही व्हावे : मेथड किती लांब, दारावर तपासणी आहे का, चाचण्या सोबत दिल्या का. पूल ताब्यात घेताना काँक्रीटचे नमुने तपासतात. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना नुसते 'चालू आहे' पाहून सही होऊ नये. देखभालीच्या करारात रिफॅक्टरिंगसाठी वेगळे दिवस आणि पैसे असावेत, नाहीतर नवे शासन निर्णय जुन्याच खोलीत कोंबले जातील.

आणि थोडे आम्हा शिक्षकांकडे. नांदेड-लातूरकडची हजारो मुले दरवर्षी प्रोग्रॅमिंग शिकतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत उद्देश, प्रोग्रॅम, आउटपुट लिहितात. आउटपुट बरोबर आले की पूर्ण गुण. आम्ही त्यांना नेहमी बरोबरच माहिती देऊन तपासतो. चुकीची माहिती दिल्यावर तुझा प्रोग्रॅम काय करतो, हे विचारत नाही. मुलगा पुढे नोकरीत तसेच लिहितो, कारण गुण त्यालाच मिळाले होते. आता कोड लिहून देणारी एआय साधनेही आली आहेत. ती क्षणात पाचशे ओळी देतात. लिहिणे स्वस्त झाले, तेव्हा तपासणे आणि सुटसुटीत करणे हेच आपले खरे काम उरले आहे.

या सत्रापासून मी प्रात्यक्षिक परीक्षेत एक बदल केला आहे. प्रोग्रॅम चालला की मी मुलाच्या शेजारी बसतो आणि आकड्याच्या जागी 'दोन एकर' असे अक्षरांत टाकतो. बहुतेकांचा प्रोग्रॅम एक तर कोसळतो, किंवा काहीतरी भलतेच उत्तर ठोकून देतो. मूल गोंधळून म्हणते, "सर, असं कुणी टाकतं का?" टाकतात, असे मी सांगतो, आणि अर्धापूरच्या काकांची गोष्ट सांगतो.

काकांचा अर्ज दुरुस्त होऊन गेला. परवा केंद्रात पुन्हा भेटले. विद्यार्थ्याने आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक तक्ता लावला आहे : १ एकर म्हणजे ०.४० हेक्टर, २ एकर म्हणजे ०.८१. काका तो वाचून हसले. "हे बरं केलंस," म्हणाले. तक्ता चांगलाच आहे. पण तो भिंतीवर लावावा लागतो, कारण तो प्रोग्रॅमच्या आत नाही.